जयंतीचा उजेड भाड्याचा किती दिवस? जुन्या शार्प्या घेणाऱ्या पोरांच्या बाजूने

शहापूर-मुरबाडमध्ये जयंती १४ एप्रिलला सुरू होते आणि मे संपेपर्यंत चालते. आज या गावात, चार दिवसांनी पलीकडच्या पाड्यात, बुद्ध पौर्णिमेला धरून तिसरीकडे संयुक्त जयंती. आसनगाव, खर्डी, किन्हवली, सरळगाव, धसई, टोकावडे या पट्ट्यात दीड महिना कुठे ना कुठे निळा झेंडा लागलेला असतो. हंगाम संपला की दरवर्षीचे भांडण सुरू होते. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, "लायटिंगवर पैसा उडवला." पोरं म्हणतात, "गावात सगळ्यांची जोरात होते, आपलीच अंधारात करायची का?"

यंदा या भांडणात नवा विषय आला आहे. दोन्ही तालुक्यांतली काही पोरं मिळून जुन्या शार्प्या विकत घ्यायचं म्हणत आहेत. त्यावर गहजब झाला. कोणी म्हणालं, धम्माच्या चळवळीला डीजेची चटक लागली. कोणी म्हणालं, पोरं धंदा करायला निघाली. आम्ही या पोरांच्या बाजूने आहोत, का ते सांगतो. आणि त्यांनी डोळे झाकून माल उचलला तर आम्ही बाजूने राहणार नाही, तेही सांगतो.

आधी शब्द. क्ले पाकी नावाच्या इटालियन कंपनीने २०१० साली 'शार्पी' हा दिवा बाजारात आणला. १८९ वॅटचा छोटा लॅम्प, पण झोत भाल्यासारखा सरळ आणि लांब जाणारा. खाली बूड, वर फिरणारे डोके. डोके आडवे-उभे फिरते, आत रंगांची चकती, नक्षीची चकती आणि झोत फोडणारे प्रिझम. पुढे चिनी कारखान्यांनी तशाच बनावटीचा माल काढला आणि शार्पी हे त्या जातीच्या सगळ्याच दिव्यांचे नाव झाले. आपल्याकडे हळदीला, लग्नाला, गणपतीला आणि जयंतीला जे फिरतात ते बहुतेक २३० वॅटचे, बाजारात ज्याला 'सेव्हन आर' म्हणतात ते.

उधळपट्टी कोणती?

पहिला आक्षेप. बाबासाहेबांची जयंती म्हणजे नाचगाणे नव्हे. मान्य. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल जो इशारा दिला, तो आम्हाला ठाऊक आहे. पण मंडळांच्या जमाखर्चाच्या वह्या काढा. उधळपट्टी म्हणून जी मंडळी पोरांना झापतात, त्यांच्याच सहीने दरवर्षी एका रात्रीच्या लायटिंगचे बिल चुकते होते. वीटभट्टीवर, कंपनीत रोजंदारीवर, गोदामात हमालीवर राबणाऱ्या बापाने दिलेली वर्गणी एका रात्रीत टेम्पोत बसून कल्याण-भिवंडीकडे निघून जाते. सकाळी गावाकडे काय उरते? पत्रावळ्या आणि फाटका बॅनर. वीस वर्षे भाडे भरणाऱ्या वस्तीकडे आज स्वतःचा एक माईक नसतो. ही उधळपट्टी कोणाला दिसत नाही, आणि तेच साधन स्वतःच्या मालकीचे करू म्हटले की तत्त्वज्ञान आठवते.

लायटिंग नकोच, असे ज्यांना वाटते त्यांनी ठरावाने बंद करावे. आम्ही त्या ठरावाचाही आदर करू. पण भाड्याने चालते आणि मालकीचे चालत नाही, हा कुठला विचार?

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. बिल मोठे झाले की मंडळ दाता शोधते. दाता म्हणजे पुढारी. तो लायटिंगचे पैसे भरतो आणि बाबासाहेबांच्या फोटोशेजारी, कधी फोटोहून मोठा, त्याचा चेहरा लागतो. मग त्याच मंचावरून वस्तीच्या रस्त्याचा, दफनभूमीच्या जागेचा, पाण्याचा प्रश्न कोण विचारणार? ज्याने उजेडाचे बिल भरले त्याच्यावर बोट दाखवायची हिंमत भाड्याच्या मंचावर होत नाही. आमच्या मते या सगळ्या वादातला खरा प्रश्न हाच आहे.

साधन ज्याचे, मंच त्याचा

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला 'केसरी' तयार झाला नाही. दाम मोजायची तयारी असली तरी दुसऱ्याचे साधन आपल्याला मिळेलच असे नाही, हा धडा तेव्हाच मिळाला. पुढे बाबासाहेबांनी भारत भूषण छापखाना उभा केला. विचार आपला आणि छापखाना दुसऱ्याचा, हे फार दिवस चालत नाही.

महाडचेच घ्या. डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रह परिषदेला महाडात मंडपासाठी जागा मिळेना. शेवटी फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली खासगी जागा दिली. गावातले व्यापारी माल देणार नाहीत म्हणून शिधा-सामान बाहेरून आणावे लागले. त्याच मंडपासमोर २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. जागा, शिधा, मंडप या गोष्टी क्षुल्लक वाटतात. बहिष्कार पडला की त्याच गोष्टींवर परिषद होणार की नाही हे ठरते.

आज कोणी उघड बहिष्कार घालत नाही. आज तारीख नसते. "त्या दिवशी बुकिंग आहे", "तुमच्या वस्तीत गाडी वळत नाही", "ॲडव्हान्स पूर्ण लागेल". एखाद्या गावात जयंतीच्या मिरवणुकीवरून तणाव झाला की पुढच्या वर्षी लाइटवाला आधीच अंग काढून घेतो. तो जातीयवादी असतोच असे नाही. त्याची बाकीची गिऱ्हाइके गावात आहेत, इतकेच. पण परिणाम एकच.

अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेबांनाही इथे आठवावे. १९१८ साली शेतीच्या लहान तुकड्यांवर लिहिताना त्यांनी दाखवून दिले की नुसता जमिनीचा आकार मोजून उपयोग नाही; त्या जमिनीला भांडवल आणि अवजारे किती आहेत यावर शेती किफायतशीर होते की नाही ते ठरते. आपल्या पोरांकडे जमीन नाही, हात आहेत. हे हात आज कोणाच्या अवजारावर चालतात ते बघा. आपल्या तालुक्यांत रात्रीच्या लाइटच्या टेम्पोवर ट्रस उचलणारी, खांबावर चढणारी, पहाटे वायरी गुंडाळणारी पोरं बौद्ध, कातकरी, ठाकर वस्त्यांतली आहेत. पूर्वी वरातीत गॅसबत्ती गरिबाच्या डोक्यावर असायची. आज बत्तीच्या जागी वीस किलोची शार्पी आली, डोके तेच राहिले. कंट्रोलरसमोर बसणारा दुसरा, पैसे मोजणारा तिसरा. हळदीच्या घरी मांडवावर चढायला हीच पोरं चालतात, पंगतीला बसताना मात्र आडनाव विचारले जाते. म्हणून पोरं मालक व्हायचं म्हणतात, ऑपरेटर व्हायचं म्हणतात, त्याला आम्ही धंदेवाईकपणा म्हणणार नाही.

हिशेब मांडू

भावना पुरे, आकडे बघू. हे आकडे उदाहरणाचे आहेत. बाजारात फिरून स्वतःचे भरा.

समजा आठ जुन्या शार्प्या, नग १२,००० रुपये. झाले ९६,०००. कंट्रोलर, वायरी, स्टँड, पेट्या आणि विजेचा बोर्ड यांना ४०,०००. एकूण १,३६,०००. दहा गावांची मंडळे एकत्र आली तर प्रत्येकाच्या वाट्याला १३,६०० येतात.

आता एका नगाचे एका रात्रीचे भाडे १,००० धरा. आठ नगांचे ८,०००. त्यातले २,००० दुरुस्ती आणि नव्या लॅम्पसाठी बाजूला. दोन पोरांची मजुरी ७०० प्रमाणे १,४००. मजुरी धरायचीच. "कार्यकर्ता आहे, फुकट करेल" ही सवय चळवळीने सोडावी. फुकट राबवणे आपण शिकलो कोणाकडून ते आठवा. टेम्पो ज्याचा कार्यक्रम त्याचा. राहिले ४,६००. म्हणजे तीस रात्रींत भांडवल निघते.

दहा गावांच्या जयंत्या वेगवेगळ्या तारखांना असतात, त्याचा फायदा इथे आहे. एकाच रात्री सगळ्यांना दिवे लागत नाहीत. दहा रात्री घरच्याच. उरलेल्या वीस रात्री हळदी, लग्ने, शाळांची स्नेहसंमेलने यांतून दोन हंगामांत भरतात. १४ एप्रिललाच दिवे हवेत असा प्रत्येक गावाने हट्ट धरला तर मात्र हा हिशेब पहिल्याच दिवशी कोसळेल. तारखा आधी बसून वाटून घ्या, मगच पैसे काढा.

नवा माल का नको? घ्यायला हरकत नाही, पण भांडवल दुप्पट किंवा जास्त लागते. सरकारी कर्ज योजना सहसा नव्या मालाच्या कोटेशनवर चालतात, जुन्यावर नाही. ज्यांची फाइल पुढे सरकू शकते त्यांनी महात्मा फुले महामंडळाचे दार जरूर ठोठवावे. पण फाइल सरकेपर्यंत तीन जयंत्या भाड्यात जातील, म्हणून जुना माल. खासगी फायनान्सच्या हप्त्यावर किंवा गावातल्या सावकाराकडून उचल घेऊन मात्र एकही नग आणू नका. हप्ता पावसाळ्यातही येतो, कार्यक्रम येत नाही.

जुना माल म्हणजे भंगार घेणे नव्हे

पोरांबरोबर आम्ही एका गोदामात गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण अशी गोदामे बरीच आहेत. दुकानदाराने आठही नग लावले, भिंतीवर झोत फिरवले, पाच मिनिटांत बंद केले. "बघा, मक्खन चालतात." आम्ही म्हटले, तासभर चालू ठेवा. त्याचा चेहरा बदलला. चाळीस मिनिटांत दोन नग तापून आपोआप बंद पडले आणि एकाचे डोके भलतीकडेच तोंड करून थांबले. आम्ही पैसे खिशात घेऊन परत आलो. तिथून शिकलेले आणि जाणत्या ऑपरेटरांनी सांगितलेले इथे देतो.

एक. तासभर चालवल्याशिवाय घ्यायचे नाही. दमलेला पंखा, सैल पट्टा, तापणारा बॅलास्ट हे दोष थंड दिव्यात दिसत नाहीत. सुरू करताना दिवा स्वतःची तपासणी करतो, सगळ्या बाजूंना फिरून जागेवर येतो. तिथे तो अडखळला, कर्कश आवाज आला, तर मोटर किंवा सेन्सर गेला समजा.

दोन. पडद्यावरच्या लॅम्प-तासांवर विसंबू नका, तो आकडा शून्य करता येतो. लॅम्प थंड झाल्यावर, वीज काढून, जाणत्याकडून उघडून बघा. काच काळवंडली, फुगली, पांढरट झाली असेल तर तो लॅम्प फुटायच्या वाटेवर आहे. साधारण दीड-दोन हजार तासांचे त्याचे आयुष्य. नव्या लॅम्पची किंमत विचारून ती मालाच्या किमतीतून वजा करा. आरसा करपलेला असेल तर नवा लॅम्पही उजेड देणार नाही.

तीन. प्रत्येक रंग, प्रत्येक नक्षी, प्रिझम, फोकस वेगवेगळे चालवून बघा. रंगाच्या काचा उष्णतेने तडकतात. एकच रंग दाखवून "सगळे ओके" म्हणणाऱ्याकडे बाकीचे रंग मागा.

चार. आठही नग एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे घ्या. वेगवेगळे आठ स्वस्तात मिळाले तरी प्रोग्रॅमिंग आठ वेळा आणि सुटे भाग आठ प्रकारचे. जमले तर त्याच मॉडेलचा नववा, बंद पडलेला नग भंगारभावाने घ्या. पुढची दोन वर्षे मोटर, पट्टे, बोर्ड त्यातूनच निघतील.

पाच. वायर बघा. दिव्यांना हुकूम पोचवते ती डीएमएक्सची वायर. एका साखळीत ५१२ चॅनल. तिला १२० ओहमच्या जवळची खास वायर लागते आणि साखळीच्या शेवटी १२० ओहमचा टर्मिनेटर. पैसे वाचवायला माईकची वायर जोडतात आणि मग दिवे झटके देतात, भलतेच फिरतात. निम्म्या वेळी दिवा चांगला असतो, वायर खोटी असते.

सहा. बिल. नगाचे नंबर, विकणाऱ्याचे ओळखपत्र, सही. बिल देत नसेल तर माल चोरीचा असू शकतो. उद्या चौकीत आपल्याच पोरांना बसवतील. आपल्या वस्तीतल्या पोराकडे महागडी वस्तू सापडली की पोलिसांचा पहिला प्रश्न कोणता असतो, हे आम्ही सांगायला नको.

आणि इथला पाऊस. करोनाच्या २०२० आणि २०२१ मध्ये कार्यक्रम बंद होते, तेव्हा दोन-दोन पावसाळे पडून राहिलेला माल पुढे बाजारात आला. भिंगावर बुरशी, बोर्डावर गंज. आपल्याकडचा पाऊस तर सह्याद्रीच्या पायथ्याचा. दिवे विहाराच्या ओल्या कोपऱ्यात ठेवाल तर दिवाळीला भंगार हाती येईल. बंद पेटी, ओल शोषणाऱ्या पुड्या, आणि पंधरवड्याला अर्धा तास चालू. हे काम कोणाचे, ते नावानिशी वहीत लिहा.

जीव आणि कायदा

शार्पी आणि लेझर एक नव्हे. लेझर घ्यायचाच नाही. गणपती मिरवणुकांत लेझरमुळे लोकांच्या डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत, आणि पुणे पोलिसांनी विसर्जनाच्या काळात त्यावर बंदीही घातली होती. शार्पीचा झोतही कोणाच्या डोळ्यांवर रोखायचा नाही. कापडाच्या, झालरीच्या जवळ ठेवला तर मंडप पेटतो. किती अंतर ठेवायचे ते दिव्याच्या अंगावर लिहिलेले असते. वर टांगलेल्या प्रत्येक नगाला हुकाशिवाय वेगळी सेफ्टी वायर हवीच. एवढे वजन खाली मुलांवर पडले तर जयंतीची शोकसभा होईल.

आठ दिवे मिळून सुमारे तीन किलोवॅट खातात. त्यासाठी खांबावर आकडा टाकायचा नाही. महावितरणचे तात्पुरते कनेक्शन किंवा जनरेटर, नीट अर्थिंग, आणि करंट गळला तर तत्काळ तोडणारा आरसीसीबी. ओल्या मैदानात अनवाणी फिरणारी लहान पोरं आपलीच आहेत. जुन्या लॅम्पमध्ये पारा असतो. तो वस्तीच्या उकिरड्यावर फोडायचा नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायचा. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात. संविधानाचे नाव घेणाऱ्यांनी ते पाळायला पोलिसांची वाट बघू नये.

उजेड कशावर पाडायचा?

शेवटचा प्रश्न पोरांना. दिवे आपले झाले, ऑपरेटर आपला झाला, आणि झोत पुन्हा डीजेच्या भिंतीवरच फिरला, तर ज्येष्ठांचे म्हणणे खरे ठरेल.

१९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. तेव्हा बत्तीच्या उजेडात अक्षरही न वाचता येणाऱ्या माणसांपर्यंत चळवळ पोचली. वामनदादा कर्डकांनी पुढे आयुष्यभर तेच केले. त्यांच्याकडे शार्पी नव्हती, सांगण्यासारखे भरपूर होते. आपल्याकडे सांगण्यासारखे आज कमी आहे का? भातसा आणि तानसाचे पाणी मुंबईला जाते आणि शहापूरच्या पाड्यांत उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. त्यावर एक नाटिका बसवा. समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेला, जमीन कोणाची गेली आणि भूमिहीनाला काय मिळाले, त्यावर जलसा करा. कातकरी मुलीची शाळा का सुटते, त्यावर करा. झोत त्या मुलीच्या चेहऱ्यावर स्थिर ठेवा. फिरणारा दिवा थांबवताही येतो, हे ऑपरेटरने शिकायला हवे. आणि ऑपरेटर म्हणून मुलींना बसवा. कंट्रोलरला ताकद लागत नाही, ताल आणि लक्ष लागते.

दिवे वर्षभर वापरा. ३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती, ११ एप्रिलला जोतिबांची, २६ नोव्हेंबरला संविधान दिन. आदिवासी बांधवांना ९ ऑगस्टच्या कार्यक्रमाला फक्त मजुरी आणि टेम्पोच्या खर्चात द्या. शेजारी असेच जोडले जातात.

आता करायचे काय? पैसे काढण्याआधी कागद करा. दहा मंडळांची किंवा एका बचत गटाची लेखी सहमती, मालाची नोंदवही, बँकेत संयुक्त खाते, दर तीन महिन्यांनी हिशेब विहारात मोठ्याने वाचून दाखवणे. माल कोणा एका दादाच्या नावावर नको, एका पक्षाच्या बॅनरखाली नको. हे चार नियम मान्य नसतील तर दिवे घेऊ नका, भाड्यानेच आणा. निदान भांडणे तरी विकत घेतली जाणार नाहीत.

मान्य असतील तर वर्षावासाच्या या महिन्यांत बसा. कार्यक्रम थांबलेले असतात, विकणाऱ्याला रोकड हवी असते, भाव करायला हीच वेळ. आणि ज्येष्ठांना आमची विनंती आहे: पोरांना झापायला बैठकीला येता, तसे या वेळी त्यांची नोंदवही तपासायला या. तुमची करडी नजर त्या वहीला हवी आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!